तिसरा रकाना

मी आयुष्यभर धान चावला. खाल्ला नाही, चावला. गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये मी माल पाहणारा होतो. गाडी आली की धानाच्या पोत्यात परखी, म्हणजे एक पोकळ टोकदार सळई, खुपसायची. तिच्यातून निघालेले दाणे तळहातावर घ्यायचे, त्यातला एखादा दाढेखाली धरायचा आणि आकडा सांगायचा. चौदा, सोळा, अठरा. शंभर भागांत इतकं पाणी, असा त्याचा अर्थ. आकडा मोठा निघाला की माल ओला म्हणून परत. वाळलेला दाणा कट्‌ आवाज करून तुटतो. ओला दाणा चेपतो आणि दाताला चिकटून बसतो. या दोन्हींच्या मधलं जे आहे ते शब्दांत सांगता येत नाही, ते दाढेलाच कळतं. मिलमध्ये ओलावा मोजायचं मीटर होतं, पण शेठ गाडीवाल्यांना सांगायचा, "मीटर छोडो, उनको बुलाओ." मीटरवर आम्ही गमछे वाळत घालायचो.

असा माणूस थोडा चढेल होणारच. मी थोडा जास्तच झालो, असं माझ्या बायकोचं मत आहे.

मिल सोडून काही वर्षं झाली. तरी हंगामात शेठ बोलावतो आणि मी कुडव्याच्या घरून मोटारसायकलवर जाऊन दाणे चावून येतो. आता अशा माणसाच्या घरी पोरीने इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेऊन काय बनवावं? धानाचा ओलावा सांगणारं यंत्र. स्टीलचा डबा, आत तारा, बाहेर एक छोटी काच. मूठभर धान टाकायचा, झाकण लावायचं, दहापर्यंत मोजायचं, काचेवर आकडा हजर.

"मिलमध्ये मीटर आहेच ना," मी म्हणालो.

"ते घेनाऱ्याजवळ आहे, बाबूजी," ती म्हणाली. "मले इकनाऱ्याच्या घरी पाहिजे. ट्रॅक्टर भरून खरेदी केंद्रावर न्याचा, दोन दिवस रांगेत थांबाचं, अन्‌ मंग ओला म्हणून परत आनाचा. त्याच्यापेक्षा घरीच कळलं त बरं नाई का?"

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. मी त्या यंत्राला डबडं म्हणू लागलो. पावणे आले की मी विचारायचो, "आमच्या पोरीचं डबडं पाहिलं का जी? चहात साखर किती तेही सांगते म्हणतात." पोरगी हसायची. तिच्या हसण्याचा मला आणखी राग यायचा.

मात्र एक गोष्ट ती रोज करायची. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान निघाला तेव्हापासून, संध्याकाळी कुठल्या तरी शेजाऱ्याच्या घरचे दाणे रुमालात बांधून आणायची आणि माझ्यासमोर धरायची. "बाबूजी, किती?" मी एक दाणा चावायचो, जरा डोळे मिटायचो (डोळे मिटायची गरज नसते, पण त्याने वजन येतं) आणि सांगायचो, "पंधरा." ती मान हलवायची आणि एका लांबट वहीत काही तरी लिहायची. मला वाटायचं, पोरगी बापाचं मन राखते आहे. मी म्हणायचो, "लिहून ठेव, लिहून ठेव. डबड्याले शिकव."

या वर्षी दिवाळीनंतर माझी दाढ गेली. उजवीकडच्या आधीच गेल्या होत्या, डावीकडच्या त्या एकीवर सगळा संसार चालला होता. ती पोह्यातल्या शेंगदाण्यावर तुटली. इतकी वर्षं धानाने जिचं काही वाकडं केलं नाही ती शेंगदाण्याने पाडली, हा अपमान मला अजून पचलेला नाही. दातांचा डॉक्टर आणि बायको सोडून मी कोणाला सांगितलं नाही. समोरच्या दातांनी दाणा तोडायचा, हाताला लागेल त्यावरून अंदाज करायचा, आणि डोळे पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ मिटायचे. कोणाला कळलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

त्याच दिवसांत आमच्या शहरात तंत्रज्ञान आणि उद्योजकता परिषद भरायची ठरली. मोठं सभागृह, नागपूर-पुण्याहून पाहुणे. जिल्ह्यातल्या पोरापोरींनी आपापली यंत्रं आणि कल्पना घेऊन यायचं, मंचावर दाखवायच्या, परीक्षक निवड करणार. आमच्या पोरीचं नाव यादीत आलं. निवड झाली तर पुढच्या हंगामात एका खरेदी केंद्रावर तिचं यंत्र ठेवून पाहणार होते. नाही झाली तर तिने पुण्याच्या कंपनीला होकार कळवायचा, असं तिचं आणि तिच्या आईचं ठरलं होतं. पुण्याचं पत्र कपाटात पडून होतं. मी वरवर म्हणायचो, "पुणे चांगलं आहे." मनात माझ्या काय होतं ते मनातच होतं.

परिषदेला चार दिवस होते. पोरगी कॉलेजात गेली होती आणि मी घरात काही तरी शोधत होतो. तिच्या टेबलाखाली प्लॅस्टिकच्या तीन बरण्या दिसल्या, झाकणाला टेप लावलेल्या, वर एक-दोन-तीन असं लिहिलेलं. तिन्हीत धान. पहिल्या बरणीच्या आतून वाफ धरून पाण्याचे थेंब ओघळत होते. मी टेप काढून नाक घातलं, तर कोंदट वास. दुसरीतला धानही दमट.

आता शहरातल्या वाचकांना हे कळायचं नाही. पण आमच्याकडे बंद भांड्यात ओला धान दिसणं म्हणजे दुधावर मांजर टपलेलं दिसणं. हात आपोआप पुढे जातो. ओला धान कोंडला की गरम होतो, पिवळा पडतो, कोंब धरतो, वर्षाची मेहनत मातीत जाते. लहानपणापासून मी हेच पाहिलं, हेच ऐकलं. आणि त्यातून परिषदेला बाहेरचे पावणे येणार. पावण्यांना दाखवायचा धान वाळवलेला आणि पाखडलेलाच असतो. ही आमच्याकडची रीत आहे, ती कोणी कोणाला शिकवत नाही.

मी तिन्ही बरण्या घरावरच्या स्लॅबवर नेल्या. जुन्या लुगड्याचे तीन तुकडे अंथरले, तीन ढीग पसरले आणि पायाच्या अंगठ्याने रेघा ओढून धान फिरवला.

बायको दोरीवरचे कपडे काढायला वर आली. म्हणाली, "पोरीले इचारा त पयले."

"धान वाळवाले इचारा लागते का?"

"तिनं टेप लावून ठेवला हाये."

"टेप मी पन लावतो."

दोन दिवस पोरगी कॉलेजात असताना कडक ऊन दाखवलं, संध्याकाळी ती यायच्या आत बरण्या भरून टेबलाखाली ठेवल्या. सूप घेऊन पाखडला, पोचट दाणे काढून टाकले. ज्याचा धान त्याच्याच बरणीत घातला, टेप होती तशी लावली. काम इतकं सफाईने झालं की माझा मलाच अभिमान वाटला. पोरीला मुद्दाम सांगितलं नाही. वर्षभर डबडं डबडं म्हणून चिडवलं होतं, तर हा आपला गुपचूप हातभार असू द्यावा, असा माझा विचार होता. ती यंत्र वेगळ्याच धानावर तपासून पाहत होती. बरण्या आधीच मोजून, टेप लावून ठेवल्या असल्यामुळे तिने उघडल्या नाहीत.

परिषदेच्या दिवशी ती म्हणाली, "बाबूजी, येता का?" मी म्हणालो, "कायले येऊ? तिकडं चावाले का ठेवलं हाये?" आणि इस्त्रीचा सदरा घालून तिच्या आधी फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

सभागृहाच्या दारात गळ्यात घालायची कार्डं वाटत होते. पोरीच्या कार्डावर तिचं नाव आणि खाली "संस्थापक" असं लिहिलेलं. कशाची संस्थापक, तर त्या डबड्याची. माझं नाव यादीत नव्हतं आणि पाहुण्यांची कार्डं संपली होती. टेबलावरच्या मुलीने इकडे तिकडे पाहिलं आणि उरलेल्यातलं एक हिरवं कार्ड माझ्या गळ्यात घातलं. त्यावर "मेंटर" लिहिलं होतं.

"म्हणजे काय वं?" मी पोरीला विचारलं.

"ज्याचा सल्ला घेतात तो."

"मग बरोबर दिलं."

ती यंत्र मांडायला आत गेली आणि मी खुर्चीवर टेकलो न टेकलो तोच सल्ला घेणारे सुरू झाले. कोहमाऱ्याच्या एका ढाबेवाल्याने मोबाइलवर असं काही करून घेतलं होतं की ट्रक ढाब्यावर पोहोचायच्या आधीच ड्रायव्हरने जेवण सांगून ठेवायचं. "सर, आप का सजेशन?" मी विचारलं, "ड्रायव्हर गाडी चालवून राहिला त मोबाइल कोन पाहन?" त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग झाडीपट्टीतल्या नाटकांची तिकिटं मोबाइलवर विकणारा एक जण आला. त्याला मी सांगितलं की आमच्याकडे नाटकाला जाणं मंडपापाशी गेल्यावर ठरतं, घरी बसून कोणी ठरवत नाही. तोही लिहून घेऊन गेला. घरात माझं एक वाक्य कोणी पुरतं ऐकत नाही आणि इथे शिकलेली माणसं लिहून घेत होती. मला परिषद आवडायला लागली.

मग पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांचं भाषण झालं. तरतरीत माणूस, हातात काही कागद नाही, मंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बोलत होता. त्याचं म्हणणं असं की नापास व्हा. लवकर नापास व्हा, पुन्हा पुन्हा नापास व्हा, त्याशिवाय मोठे होणार नाही. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेले एक मास्तर माझ्या कानाशी लागले. "माझा पुतन्या दहावीत तीनदा झाला जी. त्याले कोनी स्टेजवर नाई बोलावलं."

जेवणाच्या वेळी सूत्रसंचालक बाईंनी सांगितलं की एकमेकांशी ओळखी करून घ्या, हीच आजची खरी संधी. आमच्या माणसांना ओळखी करा म्हणून सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. वरण-भात वाढून घेईपर्यंत ढाबेवाला माझ्या मावसबहिणीच्या दिराचा साडू निघाला आणि नाटकवाल्याच्या मामाचा धान मी कधी तरी परत पाठवला होता असं कळलं. त्याने ते हसत सांगितलं. पण गुलाबजाम मात्र स्वतःच्याच ताटात वाढून घेतला.

जेवणानंतर प्रात्यक्षिकं सुरू झाली. परीक्षक तिघे. पुण्याचे पाहुणे, शेतीची यंत्रं शिकवणाऱ्या नागपूरच्या एक बाई, आणि एक अधिकारी. पोरीचा नंबर आला तेव्हा मी गळ्यातलं कार्ड दोनदा सरळ केलं, कबूल करतो.

ती छान बोलली. घरी ती झाडी बोलीत बोलते, तिथे ती पुस्तकातल्यासारखं बोलली, पण अडखळली नाही. धान ओला म्हणून परत जातो तेव्हा काय होतं ते तिने सांगितलं. मग तीन बरण्या पुढे ठेवल्या. "पहिल्या बरणीत शेतातून आलेला ओला धान आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या बरणीत एक दिवस वाळवलेला. तिसऱ्या बरणीत विक्रीला तयार झालेला. यंत्र या तिन्हींतला फरक दाखवील." यंत्रावरचा आकडा मागच्या मोठ्या पडद्यावर दिसणार होता.

अक्कल गहाण टाकणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं. तो ओला धान मुद्दाम ओला ठेवलेला होता.

तिने पहिल्या बरणीतला धान टाकला. पडद्यावर आकडा आला, बारा पूर्णांक एक. तिने पडद्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. दुसऱ्या बरणीतला टाकला. बारा पूर्णांक तीन. तिसरा. बारा. मागून कोणी तरी खुदकन हसलं. तिने यंत्राचं झाकण काढून पुसलं, पहिल्या बरणीतला धान पुन्हा टाकला. बारा पूर्णांक एक. पुण्याचे पाहुणे म्हणाले, "तुमचं मशीन फार दयाळू आहे. सगळ्यांनाच पास करतं." सभागृह हसलं. पोरगी हसली नाही. तिचा चेहरा लहानपणी जत्रेत हरवली होती तेव्हा झाला होता तसा झाला.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहितो, कारण ते लपवलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. पहिलं आलं, हरलं डबडं. डोळा मिटून उघडायला लागतो तेवढाच वेळ ते टिकलं. पण आलं. गप्प बसलो असतो तर कोणाला कधीच कळलं नसतं. पोरगी पुण्याला गेली असती आणि माझी दाढ, जी नाहीच, ती जिंकली असती. मला माझीच इतकी लाज वाटली की मी उभा राहिलो.

"थांबा जी," मी म्हणालो. आवाज पाहिजे त्यापेक्षा मोठा निघाला.

गळ्यातलं हिरवं कार्ड पाहून कोणी अडवलं नाही. मी मंचावर गेलो, तिन्ही बरण्यांतले दाणे एकामागून एक तोंडात टाकले आणि कट्‌ कट्‌ कट्‌ तोडले. इतका वाळलेला धान समोरच्या दातांनाही कळतो, त्यात काही शहाणपण नव्हतं. "बारा, बारा अन्‌ बाराच," मी म्हणालो. "मशीन खरी बोलून राहिली. मीच वाळवलो तिन्ही. दोन दिवस उन्हात टाकलो, पाखडलो, परत भरलो. हिले नाई सांगतलो."

"का पण?" पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं.

"बंद बरनीत ओला धान होता जी."

पाहुण्यांना काही कळलं नाही. पण सभागृहातल्या निम्म्या लोकांना कळलं, आणि जे हसू उसळलं ते मघाच्यासारखं नव्हतं. मागून एक बाई ओरडल्या, "मी पन वाळवली असती!" पोरगी माझ्याकडे पाहत होती. मारू की मिठी मारू असं तिला झालं असावं. तिने दोन्ही केलं नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "बाबूजी, टेप पन तशीच लावली तुमी?"

नागपूरच्या बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "हे यंत्र तुम्ही कशाशी ताडून पाहिलं?" पोरीने पिशवीतून ती लांबट वही काढली. "कॉलेजच्या ओव्हनमध्ये धान सुकवून, वजन करून," ती म्हणाली. "एक रकाना ओव्हनचा, दुसरा यंत्राचा. आणि तिसरा बाबूजींचा."

"त्यांचा कसला?"

"ते चावून सांगतात. दोनदा त्यांचा आकडा ओव्हनशी जुळला नाही. दोन्ही वेळा ओव्हनचं दार नीट लागलेलं नव्हतं."

टाळ्या पडल्या. इतके दिवस माझं मन राखते आहे असं वाटायचं, आणि ती माझ्या दाढेवर यंत्र ताडून पाहत होती! माझी छाती सदऱ्यात मावेना. बाईंनी पहिली काही पानं उलटली. पोरीने वही लगेच परत घेतली. मला ते जरा उद्धट वाटलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "वाळलेला पाहिला. ओला धान आहे का इथे कुठे?"

आमच्याकडे या दिवसांत खिशात धान नसलेला माणूस सापडणं कठीण. नमुना म्हणून मूठभर घेऊन फिरायची सवयच असते. अर्जुनीकडच्या एका काकांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढून दिली. "काल कापला. पंधराच्या वर नाई," त्यांनी आधीच बजावलं. पोरीने निम्मा धान यंत्रात टाकला आणि बाईंनी मला खुणेने सांगितलं, तुम्हीही चावा.

मी दाणा समोरच्या दातांत धरला. चेपला. पण किती चेपला? ते सांगणारी दाढ जागेवर नव्हती. मी डोळे मिटले. मनात सोळा आलं. सोळा म्हणायला मी तोंड उघडलं, तोच पोरीने आकडा वाचला, पडद्यावर नीट उमटायच्याही आधी, मोठ्याने. "अठरा पूर्णांक सहा!"

"मी पन तेच म्हननार होतो," मी म्हणालो. पुन्हा टाळ्या.

"पंधरा हाये जी!" काका उठून उभे राहिले. "मशीन चुकून राहिली!"

मी शेठला फोन लावला. मिल जवळच आहे. चार जणांची प्रात्यक्षिकं होईपर्यंत मिलचा हमाल ते जुनं मीटर घेऊन आला, त्याच्यावर गमछा तसाच होता. बाईंनी झाकून ठेवलेला उरलेला धान त्यात टाकला. अठरा पूर्णांक चार. काकांनी मीटरलाही चार शब्द ऐकवले, पण जाताना पोरीला म्हणाले, "तुही मशीन आमच्या गावाले आन वं. भांडाले घरीच बरं."

संध्याकाळी निवड सांगितली, त्यात तिचं नाव होतं. मी मंचाखाली उभा राहून लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ढाबेवाल्याने मला रुमाल दिला. नातं लागत होतं ना.

घरी जाताना मोटारसायकल ती चालवत होती. बाजार ओलांडला. मग म्हणाली, "पुन्हा कधी माह्या बरन्यांले हात लावान त पाहा." मी म्हणालो, "नाई लावत." एवढ्यावर वाळवण मिटलं. त्याच दिवशी बायकोने पुण्याचं पत्र कपाटातून काढून पोरीच्या हातात दिलं आणि नाही म्हणून कळवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी कॉलेजला गेल्यावर मी तिच्या टेबलाशी गेलो. बरण्यांना हात लावला नाही, वही घेतली. मला माझा रकाना पाहायचा होता. खरं सांगायचं तर एकट्याने बसून पुन्हा एकदा फुगायचं होतं.

पहिली पानं हलक्या धानाची. ओव्हन, यंत्र, बाबूजी. चौदा-चौदा-चौदा. सतरा-सोळा-सतरा. जिथे ओव्हन चुकलं होतं तिथे तिने लाल पेनाने लिहिलं होतं, "बा. बरोबर." मी ते दोनदा वाचलं. पानं उलटत दिवाळीपर्यंत आलो, दिवाळी गेली, शेंगदाण्याचा दिवस आला. त्याच्या पुढे चार-पाच दिवस आकडे होते. ओव्हन सोळा, यंत्र सोळा, बाबूजी तेरा. ओव्हन चौदा, बाबूजी सतरा. लाल पेन कुठे नव्हतं.

त्यानंतर तिसरा रकाना कोरा होता. पान उलटलं, कोरा. त्याच्या पुढचं पान, कोरा. ओव्हन आणि यंत्र रोज भरलेले, परिषदेच्या आदल्या दिवसापर्यंत. आणि ती मात्र एकही संध्याकाळ न चुकवता माझ्यासमोर रुमाल धरत होती, "बाबूजी, किती?" विचारत होती, मी डोळे मिटून सांगत होतो, ती मान हलवत होती आणि पेन कागदावर फिरवत होती. लिहीत काहीच नव्हती.

मंचावर तिने आकडा घाईने का वाचला ते आता समजलं, आणि बाईंच्या हातून वही का ओढून घेतली तेही. माझी दाढ गेल्याचं तिला ठाऊक होतं आणि तिने मला ते कळू दिलं नव्हतं. मिलमध्ये दिवाळीनंतर मी किती गाड्यांना काय आकडे सांगितले, कोणाचा धान माझ्यामुळे विनाकारण परत गेला, हेही मनात आलं. मी शेठला फोन करून सांगितलं की आता मीटरवरचे गमछे काढा. "क्यों, क्या हुआ?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "दाढ गई." तो बराच वेळ हसत होता.

संध्याकाळी ती आली. पाय धुतले, चहा घेतला आणि नेहमीसारखा रुमाल सोडला. "बाबूजी, किती?"

मी दाणे हातात घेतले. तोंडाकडे नेले नाहीत.

"मले नाई सांगता येत, बेटा," मी म्हणालो. "दिवाळीपासून नाई येत."

ती आत गेली, यंत्र घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. माझ्या हातातले दाणे तिने माझ्याच हाताने डब्यात टाकायला लावले आणि झाकण लावलं. काच तिने स्वतःकडे धरली नाही, माझ्याकडे वळवली.

"वाचा," ती म्हणाली.

मी चष्मा शोधला. "सतरा," मी वाचलं.

तिने वही उघडली आणि तिसऱ्या रकान्यात सतरा लिहिलं.